भाषणामागचे टिपण : गोखले, गणेश व्यंकटेश जोशी आणि आपली व्यासपीठे

१

मराठीत भाषणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वक्त्याचा आवाज, ओघ, हजरजबाबीपणा, टाळ्या घेणारी वाक्ये, सभेतली गर्दी यांची वर्णने आठवणीवजा पुस्तकांतून विपुल सापडतात. गाजलेल्या भाषणांचे संग्रहही निघाले. पण भाषण उभे राहण्याआधी जे घडते, म्हणजे माहिती कुठून आणली, कोणी आणली, पारखून घेतली की नाही आणि त्यातली किती वापरली, किती मागे ठेवली, याची समीक्षा आपल्याकडे जवळजवळ झालेली नाही. भाषण ही बोलण्याची कला आहे असे आपण धरून चाललो. ती वाचण्याची, शोधण्याची आणि गाळण्याचीही कला आहे, इकडे दुर्लक्ष झाले.

प्रस्तुत लेखासाठी एक भाषण निवडले आहे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी केलेले अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण. ते इंग्रजीत झाले, ऐकणारे मूठभर होते आणि त्यात श्रोत्याला हेलावणारे म्हणतात तसे फारसे काही नाही. तरीही माहिती गोळा करून भाषण कसे बांधावे याचा याहून चांगला धडा मराठी माणसाच्या कर्तृत्वात मला आढळला नाही. शिवाय याच वक्त्याच्या आयुष्यात पाच वर्षे आधी नेमका उलटा प्रसंग घडला होता. दोन्ही शेजारी ठेवून वाचले म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात.

२

आधी भाषणाचा गाभा पाहू. १९०२ साली सरकारच्या तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. अर्थखात्याचे सदस्य सर एडवर्ड लॉ यांचे त्याबद्दल अभिनंदन चालले होते. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. गोखल्यांनी अभिनंदनात सामील व्हायला नम्रपणे नकार दिला आणि एकच प्रश्न विचारला: १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ आणि शिवाय प्लेग सोसलेल्या देशात तिजोरी भरते कशी?

उत्तर त्यांनी रुपयाच्या दरात शोधले. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत चुकवावी लागे. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे चोवीस पेन्स मिळत. चांदी उतरत गेली आणि १८९४-९५ पर्यंत हा दर तेरा पेन्सच्या आसपास आला. एका पौंडात २४० पेन्स. तेव्हा तेरा पेन्सच्या दराने एक पौंड चुकवायला साडेअठरा रुपये लागू लागले. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढवले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या आणि काही वर्षांत रुपया सोळा पेन्सवर स्थिर झाला. आता त्याच पौंडाला पंधरा रुपये पुरत होते. पौंडामागे साडेतीन रुपये वाचू लागले, पण पडत्या रुपयाच्या नावाने बसवलेले कर मात्र तसेच राहिले.

शिल्लक आली ती इथून. लोकांच्या भरभराटीशी तिचा संबंध नव्हता. एवढे सिद्ध झाल्यावर मागण्या आपोआप येतात: मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांपर्यंत न्या, देशी कापडावरचा अबकारी कर उठवा. १९०३ च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर पुन्हा दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजारावर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. कापडावरचा कर मात्र उठायला १९२६ साल उजाडावे लागले. हे सारे एका भाषणाने घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. या मागण्या राष्ट्रीय सभा वर्षानुवर्षे करत होती आणि सरकारकडे शिल्लक होतीच. पण मागणी आणि हिशोब यांची सांधेजोड या भाषणाइतकी पक्की आधी क्वचितच झाली होती, हे मान्य करायला हरकत नाही.

बांधणीच्या दृष्टीने तीन गोष्टी टिपाव्याशा वाटतात. पहिली, आकडे सरकारचेच आहेत. विरोधकाने आणलेला आकडा सरकार सहज फेटाळू शकते, पण स्वतःच्या छापील अहवालातला आकडा फेटाळणे त्याला जड जाते. दुसरी, सगळ्या आकड्यांचे तोंड एकाच दिशेला आहे. शिल्लक, रुपयाचा दर, मिठाचा खप, कराची वाढ हे सारे ‘लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांत मेळ नाही’ या एकाच विधानाकडे जाते. तिसरी गोष्ट भाषेची. वाक्ये सौम्य आहेत, कारण आरोपाचे काम आकडेच करतात.

३

हे आकडे गोळा कोणी केले, या प्रश्नाशी आपले बहुतेक लेखन थांबते. गोखले गणिताचे प्राध्यापक होते, शाळांसाठी त्यांनी अंकगणिताचे पुस्तक लिहिले होते, तेव्हा आकड्यांची आवड त्यांना असणारच, असे म्हणून विषय संपवला जातो. वस्तुस्थिती याहून रोचक आहे.

गोखल्यांची घडण न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली झाली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ पासून निघू लागले. त्याच्या कामातून सरकारी अहवाल वाचायचे, त्यांचा सारांश काढायचा, दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवायचे ही सवय त्यांना लागली. या त्रैमासिकात १८८० च्या दशकात अर्थविषयक मोठे लेख येत. खुला व्यापार, रेल्वेचा विस्तार, देशी कारखानदारी असे त्यांचे विषय असत आणि त्यांवर लेखकाचे नाव नसे. यांतले पुष्कळ लेख गणेश व्यंकटेश जोशी (१८५१-१९११) यांचे होते.

जोशी सरकारी शिक्षणखात्यात होते आणि सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर म्हणून ओळखले जात. सरकारी नोकराने सरकारच्या अर्थनीतीवर सही करून टीका करणे शक्य नव्हते. म्हणून नाव नाही. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले, तेव्हा त्यांचे वय एकतीसही पुरे नव्हते. त्या साक्षीची तयारी रानडे आणि जोशी यांनी करून दिली होती. हे ऋण गोखल्यांनी खाजगी पत्रव्यवहारात मोकळेपणाने मान्य केले आहे. पुढे १९०२ च्या भाषणाच्या वेळी रानडे हयात नव्हते. १६ जानेवारी १९०१ रोजी ते वारले होते. अंदाजपत्रकावरच्या टिपणांसाठी गोखल्यांना उरलेला आधार होता तो जोशींचाच.

जोशींचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये, पुण्याच्या आर्यभूषण छापखान्याने एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात एकत्र केले. बिपन चंद्र यांच्या आर्थिक राष्ट्रवादावरील १९६६ च्या ग्रंथात जोशींचे दाखले पानोपानी येतात. मराठीत मात्र त्यांचे नाव शाळेतल्या मुलाला सोडाच, भाषणे देणाऱ्या माणसालाही ठाऊक नसते. रानडे, गोखले, दादाभाई या मालिकेत सोलापूरचा हेडमास्तर बसत नाही.

इथे एक भेद केला पाहिजे. जोशींचे निनावीपण त्यांचे संरक्षण होते. नोकरी टिकली म्हणून काम टिकले. गोखल्यांनी सभागृहात त्यांचे नाव घेतले असते तर उपकाराऐवजी अपकार झाला असता. तेव्हा गोखल्यांनी श्रेय लपवले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मात्र संरक्षणाची गरज १९११ मध्येच संपली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत आपण चरित्रे लिहिली, जयंत्या केल्या, भाषणांचे अनुवाद केले, आणि टिपणे काढणाऱ्याला तळटीपेतच ठेवले. ती उणीव आपली, अभ्यासकांची आहे.

४

आता दुसरा प्रसंग. वर्ष तेच, १८९७. एप्रिलमध्ये वेल्बी कमिशनपुढची साक्ष गाजली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची तपासणी चालू होती आणि घराघरांत गोरे सोजीर शिरत होते. गोखल्यांना विलायतेत पुण्याहून पत्रे येत. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे सांगितले की सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले आहेत. मुंबई सरकारने पुरावा मागितला. दरम्यान २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती आणि पुण्यात धरपकडीचे वातावरण होते. जुलैअखेर गोखले परतले तेव्हा माहिती देणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे यायला तयार नव्हते. त्यांची नावे सांगणे गोखल्यांना मान्य नव्हते. शेवटी त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांना पुढे अनेक वर्षे टोचले.

या प्रसंगाकडे आपण धैर्य की भ्याडपणा या तराजूतून पाहत आलो आहोत. माहितीच्या दृष्टीने पाहिले तर त्यात वेगळे काही दिसते. माणूस एकच, हुशारी तीच, हेतूही तोच. फरक होता तो आधारात. एप्रिलमधल्या विधानांचा आधार छापील होता, कोणालाही उघडून पाहता येणारा होता. जुलैमधल्या विधानांचा आधार खाजगी पत्रे, आणि पत्र लिहिणारे हजारो मैल दूर, दहशतीखाली. पहिल्या प्रकारची माहिती वक्त्याच्या मागे भिंतीसारखी उभी राहते. दुसऱ्या प्रकारची माहिती वक्त्यालाच स्वतःच्या अंगावर झेलावी लागते.

पण इथेच सावध राहायला हवे. पुरावा पुढे आला नाही म्हणजे घटना घडली नाही, असे ठरत नाही. घाबरलेली बाई सरकारी चौकशीपुढे येत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांची नोंद अहवालात नसते, कारण अहवाल लिहिणारे दुसरेच असतात. म्हणून ‘फक्त छापील आकड्यांवर बोला’ हा नियम केला तर दुबळ्यांच्या बाजूने बोलणेच बंद होईल. अशा माहितीला वेगळी रीत लागते. किती जणांकडून ऐकले, स्वतंत्रपणे ऐकले की एकाचेच दुसऱ्याने सांगितले, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की त्याच्याही कानावर आले, आणि त्याला उद्या त्रास झाला तर आपण काय करणार, एवढे प्रश्न व्यासपीठावर चढण्याआधी विचारावे लागतात. गोखल्यांच्या प्रसंगातून हा धडा घेण्याऐवजी आपण ते नेमस्त होते एवढेच लक्षात ठेवले.

५

लेखी आधार असला म्हणजे काम संपले, असेही नाही. आमच्या माजलगाव तालुक्यातलेच उदाहरण देतो. गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरी येथे यादव राजा रामचंद्रदेव याचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. अग्रहार दिल्याची नोंद म्हणून तो फार मोलाचा आहे. त्यात राजाची स्तुतीही आहे आणि रामचंद्राने वाराणसी मुसलमानांच्या हातून सोडवली असेही म्हटले आहे. आता १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली होती, पुढे मलिक काफूर आला आणि १३१० मध्ये रामचंद्र दिल्लीला खंडणी देणारा होता. म्हणून इतिहासकार हे स्तुतीचे भाग फार जपून वापरतात. व्यासपीठावर मात्र ‘ताम्रपटात लिहिले आहे’ एवढे सांगितले की श्रोता गप्प होतो. तांब्यावर कोरलेली प्रशस्ती ही त्या काळचे भाषणच असते. दानाच्या गावांची नावे आणि राजाचे पराक्रम एकाच पत्र्यावर असले तरी दोन्हींची किंमत सारखी नाही. हे ओळखणे म्हणजेच माहिती गोळा करणे. नुसता उतारा उतरवून घेणे म्हणजे नक्कल.

इथे हेही सांगितले पाहिजे की गोखल्यांचे १९०२ चे भाषण आमच्या मुलखाबद्दल नव्हते. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकात इथल्या रयतेचा हिशोब येत नाही. त्या राज्यात पुढे १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या हुकमाने सभेला पूर्वपरवानगी सक्तीची झाली. जिथे सभाच अवघड, तिथे आकड्यांवर वाद घालणाऱ्या भाषणाची परंपरा रुजणार कशी? आवेश आणि आठवण यांवर उभे असलेले वक्तृत्व मराठवाड्यात अधिक वाढले, त्याचे एक कारण इथे असावे असे मला वाटते.

६

या परंपरेच्या अभावाचा परिणाम ‘अनुशेष’ या शब्दाच्या वापरात पाहता येतो. मराठवाड्यात १७ सप्टेंबरचे भाषण या शब्दाशिवाय पुरे होत नाही. हा शब्द प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने रूढ केला. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. राज्याची सरासरी हे माप धरून, त्याखाली असलेल्या जिल्ह्यांची तूट रुपयांत मांडण्याची पद्धत तिने वापरली. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी निघाला. त्यात विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी.

आमच्या भाषणांत यांतला मधलाच आकडा येतो. तिसरा कधी येत नाही. मराठवाड्यापेक्षा उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष रकमेने मोठा निघाला होता, ही गोष्ट गैरसोयीची आहे म्हणून ती गाळली जाते. पण समोरचा जाणता श्रोता नेमका तोच आकडा काढून दाखवतो आणि वक्त्याची सगळी बाजू ढासळते. गोखल्यांची रीत अशी की गैरसोयीचा आकडा आपणच आधी घ्यावा आणि त्याचे उत्तरही आपणच द्यावे. इथे उत्तर आहे. उर्वरित महाराष्ट्रात कितीतरी जास्त जिल्हे आणि लोकसंख्या येते, त्यामुळे नुसत्या रकमांची तुलना फसवी आहे.

दुसरी चूक याहून वारंवार होते. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष काढला. एकूण १४,००६.७७ कोटी, त्यात मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी. भाषणात ‘साडेसातशेचा अनुशेष चार हजारांवर गेला’ असे वाक्य येते आणि टाळ्या पडतात. पण दहा वर्षांत रुपयाची किंमत बदलली, कामांचे दर बदलले. दोन वेगळ्या वर्षांच्या रकमा अशा शेजारी ठेवता येत नाहीत. त्याऐवजी हिस्सा पाहा. १९८४ मध्ये एकूण अनुशेषात मराठवाड्याचा वाटा २३.५६ टक्के होता, दुसऱ्या समितीच्या आकड्यांवरून तो २८.५९ टक्के निघतो. विषयवार याद्या पूर्ण सारख्या नाहीत, एवढी अट सांगून हा आकडा मांडला तर तो कोणाला खोडता येणार नाही. चार हजारांच्या वाक्यापेक्षा तो दिसायला लहान आहे. पण मराठवाडा राज्याच्या तुलनेत मागे सरकला, हे तोच दाखवतो.

सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाबद्दल बोलतानाही हेच. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले हे धरण. भाषणात ते एक तर वरदान असते, नाहीतर फसवणूक. किती पाणी आले, ते कोणत्या गावापर्यंत पोचले, पिण्याला किती, उसाला किती, हा तक्ता समोर ठेवून बोलणारा वक्ता सापडला तर श्रोता त्याला कंटाळेल अशी भीती संयोजकांना वाटते. श्रोत्याबद्दलचा हा समज तपासून पाहायला हवा. ज्याच्या शेताला पाळी मिळाली नाही, तो पाण्याचा आकडा ऐकून कंटाळत नाही.

७

गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. त्याच संस्थेच्या आवारात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावरचे आपले व्याख्यान तिथेच दिले. कलमामागून कलम तपासत जाणारे ते व्याख्यान अभ्यासातून उभ्या राहिलेल्या भाषणाचा दुसरा मोठा नमुना आहे. आणि ज्या दांडेकरांच्या आकड्यांवर आमची भाषणे चालतात, ते याच संस्थेचे संचालक होते. म्हणजे सोलापूरच्या हेडमास्तरांनी निनावी लेखांतून सुरू केलेले काम फिरून आमच्या तालुक्याच्या व्यासपीठापर्यंत आले आहे. फक्त मधल्या प्रवासात आकडे उरले आणि ते तपासण्याची सवय गळून पडली.

आज भाषणासाठी माहिती मिळवणे कधी नव्हे इतके सोपे आहे. तालुक्याच्या गावी बसून जुने अहवाल मोबाइलवर उघडता येतात. ज्या कामाला जोशींना वर्षे लागली, ते एका संध्याकाळी होऊ शकते. तरीही वक्तृत्व स्पर्धेतली मुले एकच तयार भाषण पाठ करून येतात, आणि थोरांच्या तोंडी त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये घालतात. दोष मुलांचा नाही. त्यांच्या गुणपत्रिकेत आवाज, हावभाव, पाठांतर असे रकाने असतात. ‘आधार’ असा रकाना नसतो. परीक्षकाने मुलाला एवढेच विचारावे: ‘बाळा, हे तुला कुठे मिळाले?’ या प्रश्नाला दहा गुण ठेवले तर दोन वर्षांत स्पर्धांचे रूप बदलेल.

मोठ्यांसाठी दोन गोष्टी सुचवतो. व्याख्यानमाला चालवणाऱ्यांनी प्रत्येक व्याख्यानाबरोबर वक्त्याकडून एक पानाचे टिपण मागावे. कोणती माहिती कुठून घेतली आणि ती गोळा करायला कोणी मदत केली, एवढेच त्यात असावे. ते टिपण गावच्या वाचनालयात फाइल करून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीचा वक्ता तिथून पुढे सुरू करील. आणि भाषणांचे संग्रह छापणाऱ्यांनी, ज्यांच्या नोकरीला आता धोका नाही अशा टिपणकारांची नावे छापावीत. गोखल्यांच्या भाषणांचा पुढचा मराठी अनुवाद निघेल तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर गणेश व्यंकटेश जोशी हे नाव असावे, आणि त्याखाली सोलापूर हे गावाचे नावही.